पट्टेवाला मोह

काल आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या झाडांना पट्टे मिळाले आणि नेमका आमच्या दारासमोरच्या मोहाला मिळाला नाही. मी फाटकात चहाचा कप घेऊन उभी होते. एक रंगवाला गडी डबा अन् ब्रश घेऊन झाडामागून झाड करत येत होता. निंबाला पट्टा, चिंचेला पट्टा, करंजाला पट्टा. आमच्या मोहापाशी आला, बुंध्यावर दोन थापा मारल्या, आतून ढप्प आवाज आला आणि गडी सरळ पुढच्या झाडाकडे चालला.

‘‘अरे ओ भाऊ, ह्याले काहून सोडलं?’’ मी विचारलं.

‘‘हे पोकळ हाय ना काकू. पट्टेवाले राहतीन, बिनापट्टेवाले जातीन. रोड मोठा होऊन राहिला.’’

मला हसू फुटलं. इतकं, की चहा साडीवर सांडला. माझी सून प्रणाली शाळेत शिकवायला जाते, ती तेव्हा स्कूटी बाहेर काढत होती. ती घाबरलीच. ‘‘आई, झाड जाऊन राहिलं अन् तुम्ही हासून राहिल्या?’’ आता हिला काय सांगू! हेच वाक्य, असंच चैतात, मी नवी नवरी असताना ऐकलं होतं, आणि त्या वाक्यानं आमचं अख्खं गाव येडं करून सोडलं होतं. प्रणाली घड्याळ बघत निघून गेली. मी मात्र फाटकातच उभी राहिले. मोहाखाली दोनचार फुलं पडली होती, त्यांचा वास आला आणि मग काय, तालुक्याच्या मोहाडी गावात फाटकापाशी उभी असलेली मी सरळ जंगलात जाऊन पोहोचले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर कोंढा. आमच्याकडे धान, नदी, मोकळं आभाळ. सासर मिळालं आंधळगावच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेलं एक गाव. माझी आई लग्नात रडली ती मी जाते म्हणून नव्हे, ‘‘पोरगी जंगलात देऊन राहिलो’’ म्हणून. सासरी बायकांना कुणी नावानं हाक मारत नसे. जिचं जे माहेर ते तिचं नाव. मी झाले कोंढावाली. माझी सासू, जिला मी आत्याबाई म्हणायची, तीही मला कोंढावालीच म्हणे. ‘‘कोंढावाली, पानी आन. कोंढावाली, पदर सांभाळ.’’ माझं सुमन हे नाव लग्नपत्रिकेत छापलं तेवढंच. आपलं नाव कुणी घेत नाही याचा मला भारी राग यायचा, पण नव्या नवरीच्या रागाला विचारतं कोण?

त्यात मोहाचा हंगाम लागला. ज्यांनी तो वास घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. ताजं फूल गोड, थोडं जास्तच गोड. वाळलं की घरभर उंदीर नांदत असल्याचा भास. अंगणात मोह, ओसरीवर मोह, माजघरात मोह. मी नाकाला पदर लावून फिरायची. आत्याबाई म्हणायची, ‘‘लावजो, लावजो. आठ दिवसानं पदरालेच वास येईन, मंग कायले लावशीन?’’ आणि खरोखरच तसं झालं. शिवाय खाण्यात मोह. मोहफुलं भाजून, तिळाबरोबर कुटून आत्याबाई लाडू करायची. पहिला लाडू मी डोळे मिटून गिळला. चौथा मात्र डोळे उघडे ठेवून, चोरून खाल्ला.

पहाटे तांबडं फुटायच्या आत निघायचं. फुलं पहाटे गळतात, आणि उशीर केला की हरणं, वानरं, गुरं सगळी पंगतीला बसलेली असतात. रस्त्यानं बायकांची रांग, डोक्यावर टोपल्या, आणि बडबड अशी, की वाघ असला तर तो कंटाळून निघून जावा. जंगल सरकारचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यातला कोणता मोह कुणाचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. हे आमचं, ते बयनाबाईचं, नाल्याकाठचं तिच्या जावेचं. कुठं लिहिलेलं नाही, कुणी विचारत नाही, आणि चुकून दुसरीच्या झाडाखालचं एक फूल उचललं तर मात्र दिवाळीपर्यंत अबोला.

आमचा मोह जुनापुराणा. एका अंगानं पोकळ, त्या पोकळीत पोपटांचा संसार. वरची एक फांदी वठलेली. पण उरलेल्या अंगानं असा फुलायचा, की खालची जमीन दिसू नये. पहिल्या दिवशी आत्याबाईनं मला त्याच्यापुढं उभं केलं. म्हणाली, ‘‘हे झाड मले माह्या सासूनं देलं. तिले तिच्या सासूनं.’’

मी म्हटलं, ‘‘मंग आता माहं?’’

‘‘तुले अजून दाखवलं हाय. देलं नाही.’’

एवढं बोलून ती खाली वाकली. दाखवणं आणि देणं यात किती अंतर असतं, हे त्या हंगामात मला चांगलंच कळलं. मी काम करायची, ती बघायची. कोवळी फुलं फांदी हलवून पाडली की ओरडायची, ‘‘झाड हालवू नको वो! देऊन राहिलं तेवढं घे.’’ खाली झाडायचं ते अलगद, पालापाचोळा पेटवायचा तो टोपलीएवढ्या जागेत, आणि विझल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. त्या घरात सोनं नव्हतं, असतं तरी ते जावांमध्ये गेलं असतं. सासूनं सुनेला द्यायची एकच वस्तू होती, ती जंगलात उभी होती. आणि मी ती मिळवायला नापास होत होते.

एका पहाटे आमच्या झाडाखाली अस्वल बसलं होतं. बसलं होतं म्हणजे आपण पंगतीत बसतो तसं, मांडी घालून, आणि फुलं हुंगून हुंगून ओढत होतं. मी टोपली डोक्यावर पालथी घालून डोळे मिटले. मला वाटलं, मला दिसलं नाही की त्यालाही दिसणार नाही. आत्याबाई जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘झालं असन तं ऊठ वो माय. आमालेबी घरदार हाय.’’ अस्वलानं तिच्याकडे पाहिलं, फुर्र केलं आणि सावकाश उठून नाल्याकडे गेलं. मी टोपलीतून बोलले, ‘‘गेलं काय?’’ आत्याबाई म्हणाली, ‘‘गेली. ती रोज येते. तिकडच्या अंगाचे फुलं राहू देजो, ते तिचे हायत.’’

बाप्पा! म्हणजे त्या झाडावर तिघांचा हक्क होता. सरकारचा, आत्याबाईचा आणि अस्वलिणीचा. तिघांत भांडण न करणारी तेवढी ती अस्वलीण.

मग सरकार आलं. म्हणजे नवा नाकेदार आला. आमच्याकडे जंगलाच्या शिपायाला नाकेदार म्हणतात. हा घाटाकडचा तरुण गडी, खाकी कोरी करकरीत, मिशी नुकतीच वळवायला शिकलेला. त्याचं क्वार्टर गावाच्या टोकाला, आणि एकट्याला चहा करायचा कंटाळा, म्हणून चहाच्या वेळी तो हटकून आमच्या ओसरीवर. तिथं बसून कायदा सांगायचा. ‘‘जंगलात आग लावाल तर खबरदार. पाचोळा पेटवायचा नाही.’’ आत्याबाई म्हणायची, ‘‘आग कायले लावू बाप्पा? झाडून राहिलो फक्त.’’ तिच्या लुगड्याला धुराचा वास येत असायचा. तो वास घेऊन नाकेदार चहा मागायचा. लाडू त्यालाही पहिल्या दिवशी घशात अडकला. पुढे तो डब्याकडे बघूनच बोलायचा.

एका संध्याकाळी त्यानं पारावर माणसं जमवली आणि खणखणीत सांगितलं, ‘‘या भागात यंदा कूप पडणार आहे, म्हणजे झाडतोड होणार आहे. फुलं संपत आली, आठ दिवसांत ठेकेदाराची माणसं तोडायला येतील. ज्या झाडाला पट्टा आहे ते राहील. ज्याला पट्टा नाही ते जाईल. मग रडत येऊ नका.’’ आणि गेला.

आता तुम्ही म्हणाल, यात न समजण्यासारखं काय आहे? सांगते. पट्टा म्हणजे त्याच्या लेखी खोडाभोवतीचा रंगाचा पट्टा. आमच्या गावाच्या लेखी पट्टा म्हणजे जमिनीचा पट्टा. सरकार जमीन नावावर करून देतं तो. त्याच सुमारास दोघातिघांना अतिक्रमणाच्या जमिनीचे पट्टे मिळाले होते, आणि ते गावभर कॉलर वर करून फिरत होते. गावाला लख्ख समजलं: सरकार आता झाडांचे पट्टे वाटून राहिलं! ज्याच्या नावानं झाडाचा पट्टा, त्याचं झाड राहील.

त्या रात्री गाव झोपलं नसेल. आत्याबाई तर घरात येरझारा घालत होती. माझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, तिनं ताटावरच सांगितलं, ‘‘उद्या मोहाडीले जाजो. तहसीलात. मोहाचा पट्टा काढून आनजो. खाली हात येशीन तं जेवाले नाही भेटनार.’’ हे भोळे. आईनं सांगितलं म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीचा बाजार. आमच्या गावातले निम्मे गडी तहसीलीच्या वऱ्हांड्यात. ह्यांनीच पुढं मला त्याची नक्कल करून दाखवली. हे खिडकीशी गेले, टोपी काढली आणि म्हणाले, ‘‘साहेब, मोहाचा पट्टा पाह्यजे.’’

कारकून म्हणाला, ‘‘मोहाडीचा?’’

‘‘मोहाडीचा नाही जी, मोहाचा. झाडाचा.’’

‘‘जमीन कोणाची?’’

‘‘सरकारची.’’

‘‘अन् झाड?’’

‘‘माह्या मायचं.’’

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मग मागच्या गड्याला विचारलं, ‘‘तुला काय पाहिजे?’’ तो म्हणाला, ‘‘मले टेंभराचा,’’ म्हणजे तेंदूचा. त्याच्या मागच्याला चारोळीचं झाड पाहिजे होतं, तो म्हणाला, ‘‘मले चाराचा, अन् जमलं तं एक बेहड्याचा.’’ कारकून म्हणाला, ‘‘आज झाडाचे मागता, उद्या पाखरांचे मागाल!’’ सगळे गडी संध्याकाळी पट्ट्याऐवजी भजी घेऊन परत आले. आत्याबाईनं भजी खाल्ली, पण ह्यांना वाढलं नाही.

खरा प्रकार दोन दिवसांनी उघड झाला. शेजारची बयनाबाई, जिचा मोह आमच्या मोहाला लागून होता आणि म्हणून जिच्याशी आमचं वाकडं होतं, ती टोपली न घेताच धावत आली. ‘‘वो माय वो! पट्टा म्हंजे डांबर वो! नाकेदार डबा घेऊन झाडाले काये पट्टे मारून राहिला. माह्या मोहाले मारला. तुमच्याले नाही मारला.’’ शेवटचं वाक्य तिनं दुःखानं सांगितलं, पण पुरेशा दुःखानं नाही.

आम्ही ओसरीवर नाकेदाराला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘फळझाडं ठेवायची असाच नियम आहे आत्याबाई. पण वठलेलं, पोकळ झाड ठेवायचं नाही. तुमचं पोकळ आहे. माझ्या हातात नाही.’’ त्यानं त्या दिवशी लाडू घेतला नाही, यावरूनच मला कळलं की झाड जाणार.

आत्याबाई उठून आत चुलीपाशी जाऊन बसली. भांडली नाही, रडली नाही. मला वाटलं, एक माझ्या हाती यायची वस्तू, तीही गेली. नाकाला पदर लावून फिरणारी मी, पण त्या दिवशी मला त्या पोकळ झाडाचा असा उमाळा आला म्हणता! मीच म्हटलं, ‘‘आत्याबाई, भिंतीले लावाचा गेरू हाय ना घरात?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

भर दुपारी, नाकेदार क्वार्टरमध्ये घोरत असताना, आम्ही दोघी निघालो. ब्रश कुठला आणायचा? मी गेरूचं गाडगं धरलं आणि तिनं हातानंच पट्टा मारायला सुरुवात केली. तिचा हात जिथं पोहोचेना तिथं मी मारला. पोपट वरून शिव्या देत होते. पट्टा कसला, कमरेतून सुटलेलं धोतर दिसत होतं ते. एका बाजूला खाली गेलेला, दुसऱ्या बाजूला वर चढलेला, आणि मध्ये आमचे पंजे उमटलेले. पण पट्टा होता.

परत येताना बयनाबाईनं आमचे लाल हात पाहिले. बस्स! दुसऱ्या दिवशी गावात गेरू मिळेना. जो तो आपापल्या झाडाला पट्टा मारून आला. मोहाला, चाराला, टेंभराला. बयनाबाईच्या झाडाला डांबराचा होताच, तरी तिनं वर गेरूचा मारला, हळदकुंकू वाहिलं. एकानं झाड सापडेना म्हणून वारुळाला मारला. दोन दिवसांत कूपातलं जंगल असं नटलं, जसं काही त्याचंच लग्न आहे. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांना सांगितलं होतं, पट्टेवालं तोडायचं नाही. दिवसभर ती बिनपट्ट्याचं झाड शोधत हिंडली, संध्याकाळी वरणभात शिजवून जेवली आणि परत गेली.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी जीप आली. जीपमधून मोठे साहेब उतरले. नाकेदाराचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झालेला. सगळं गाव मागं, साहेब पुढं, आणि योग बघा, ते नेमके आमच्या झाडापुढं थांबले. पंजे उमटलेला पट्टा त्यांनी खालीवर पाहिला आणि गरजले, ‘‘हा पट्टा कुणाचा?’’

सगळं गाव एकमेकांच्या मागं सरकलं. पोपटसुद्धा पोकळीत शिरले. आणि आत्याबाई पुढं झाली, पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाली, ‘‘माह्या सुनेचा!’’

मी मनात म्हटलं, घ्या! गेरू हिच्या घरचा, हात हिचे, आणि अटक मला! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पदराखाली लपवले, तर पदरावरही गेरूचे डाग. ‘‘नाव काय हिचं?’’ साहेबांनी विचारलं. मला वाटलं, सांगेल, कोंढावाली. पण आत्याबाई म्हणाली, ‘‘सुमन. पुरं नाव सांगू काय? सुमन. पट्टा तिच्या नावानं हाय. हे झाड मले माह्या सासूनं देलं, मी सुमनले देलं. साऱ्या गावापुढं सांगून राहिली. आता तोडाचं असन तं तिले विचारा.’’

मी रडायलाच लागले. तुरुंगात जायच्या भीतीनं का नाव ऐकून, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. साहेबांना काही उमगेना. तेव्हा नाकेदार खाकरला आणि म्हणाला, ‘‘सर, माझीच चूक. मी पट्टा म्हणालो, ह्यांना वाटलं जमिनीचा पट्टा. ही लोकं मोहाडीला तहसीलीत जाऊन आली सर.’’ साहेबांनी विचारलं, ‘‘तहसीलीत? मोहासाठी?’’ आमचे हे मागून बोलले, ‘‘हो जी. अन् टेंभरासाठी.’’ मग साहेब जे हसले! जीपला धरून हसले. त्यांची टोपी पडली, ती वारुळाच्या पट्ट्यावर.

हसू आवरल्यावर म्हणाले, ‘‘गेरूचे सगळे पट्टे धुऊन काढायचे. डांबराचा तोच खरा.’’ मग पोकळीत वाकून पाहिलं. आतून एका पोपटानं चोच बाहेर काढली. ‘‘पोकळ आहे,’’ साहेब म्हणाले. आत्याबाई म्हणाली, ‘‘म्हनून तं बिऱ्हाड राह्यते जी त्याच्यात.’’ साहेब जीपकडे वळले आणि जाता जाता, कुणाकडे न बघता, नाकेदाराला म्हणाले, ‘‘यावर मारा डांबर. भाडेकरू आहेत.’’

पुढचे दोन दिवस गावातल्या बायका बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी वाहून झाडं धूत होत्या आणि मला शिव्या देत होत्या, कारण गेरूची अक्कल माझी होती हे आत्याबाईनं मोठ्या अभिमानानं सगळीकडे सांगितलं होतं. मी घरी येऊन दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, ‘‘तोंड काहून फुगवलं वो? नाव लावलं ना तुहं.’’ मी म्हटलं, ‘‘नाव लावलं का नाव घालवलं?’’ त्यावर ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. पण त्यानंतर मी कोंढावाली राहिले नाही.

त्या डांबराच्या पट्ट्यावर आमच्या मोहानं आणखी पुष्कळ हंगाम काढले. पोरं त्याला पट्टेवाला मोह म्हणायची, जसा काही कचेरीतला शिपाईच. ऐंशीच्या दशकात आत्याबाई थकली, मग मी एकटीच जायची. ती अंथरुणातून विचारायची, ‘‘पडलं काय?’’ मी टोपली पुढं करायची. ती एक फूल उचलून नाकाला लावायची आणि म्हणायची, ‘‘तिचे ठेवले ना तिकडचे?’’ मी म्हणायची, ठेवले. तिच्यानंतर एका वादळात झाड पडलं. खोडावर डांबराच्या खाली अर्धा लाल पंजा अजून होता. तिचा का माझा, ओळखू आला नाही. तिथं बसून मी पोटभर रडले, त्यात लपवायचं काय?

काल दुपारभर हे सगळं डोक्यात फिरत राहिलं. संध्याकाळी मी दुकानातून गेरू आणला. आज सकाळी प्रणाली आंघोळीला गेलेली पाहून गेरू कालवला आणि दारासमोरच्या मोहाला पट्टा मारला. ब्रश घरात होता, पण मी हातानंच मारला. तो आताही वाकडाच झाला. म्हातारपणात तरी सरळ येईल असं वाटलं होतं.

दहाच्या सुमारास रस्त्याचे साहेब मोटरसायकलवर आले. काल रंगवणारा गडी त्यांच्या मागं बसलेला. तो माझ्याकडे बघून आधीच दात काढत होता. साहेब खाली उतरले, पट्टा पाहिला, पंजे पाहिले. प्रणाली नेमकी तेव्हाच स्कूटी घेऊन फाटकाबाहेर आली.

‘‘हा पट्टा कोणाचा?’’ साहेबांनी विचारलं.

मी हात पदराखाली घेतले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘माह्या सुनेचा. प्रणाली नाव हाय तिचं.’’

‘‘आई!’’ प्रणाली किंचाळली, ‘‘मी कधी?’’